दीर्घिका ‘मरते’ म्हणजे विझते का? एक खुलासा

इंदूरमधील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत कोजागिरीपासून दीर्घिकांविषयी, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांविषयी, एक संदेश फिरत आहे : ‘ताऱ्यांची जोरदार निर्मिती थांबली की दीर्घिका मरते, तिचे तारे विझतात, आणि आपल्या आकाशगंगेचेही तसेच झाले आहे.’ यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

नवे तारे जन्मणे थांबल्यावर प्रथम जातात ते सर्वांत वजनदार, निळे तारे, कारण त्यांचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचेच असते. सूर्यासारखे तारे सुमारे १,००० कोटी वर्षे जगतात आणि लहान तांबडे तारे त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे दीर्घिका काळी पडत नाही, ती हळूहळू निळसरपणा सोडून तांबूस होत जाते. या मधल्या अवस्थेतील दीर्घिकेच्या वर्णपटात (तिच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) सुमारे १०० कोटी वर्षे जगणाऱ्या मध्यम वजनाच्या ताऱ्यांमुळे हायड्रोजनच्या ठळक काळ्या रेषा दिसतात, पण नव्या ताऱ्यांभोवती तापलेल्या वायूच्या तेजस्वी रेषा जवळजवळ नसतात. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण निर्मितीचा भर गेल्या सुमारे १०० कोटी वर्षांतच ओसरला, हे त्यावरून कळते. अशा कित्येक दीर्घिकांत थंड वायूही बराच उरलेला आढळला आहे, म्हणजे ‘इंधन संपले’ हे कारणही सरसकट लागू पडत नाही.

कन्या राशीतील एम ८७ या दीर्घिकेत आज नवे तारे फारसे जन्मत नाहीत, तरी १७८१ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांना ती छोट्या दुर्बिणीतून दिसली होती. आपल्या आकाशगंगेत तर दरवर्षी सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे आजही घडत आहेत.