नव्या गाडीचं पहिलं ऑइल कधी बदलायचं? माझं मत

स्पष्टच सांगतो. मॅन्युअलमध्ये पहिला ऑइल चेंज दहा किंवा पंधरा हजार किलोमीटरला लिहिला असेल, तरी मी तेवढं थांबत नाही. दीड ते तीन हजारांच्या दरम्यान एकदा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून टाकतो आणि मग निवांतपणे मॅन्युअलप्रमाणे चालतो. ‘कंपनीच्या इंजिनीअरपेक्षा तू शहाणा का?’ हा प्रश्न येणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडतात. याला होनिंग म्हणतात. या रेघांमध्ये ऑइल टिकून राहतं. इंजिन नवं असताना पिस्टनच्या रिंगा या भिंतीवरचे बारीक उंचवटे घासून आपली जागा करून घेतात. ही झीज हवीच असते, तिच्याशिवाय रिंग नीट बसत नाही. पण घासलेला धातू जाणार कुठे? ऑइलमध्येच. शिवाय इंजिन जोडताना लावलेलं वंगण, गॅस्केटच्या जागी वापरलेलं सीलंट, धुऊनही मागे राहिलेला थोडाफार चुरा, सगळं त्यातच उतरतं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल प्रयोगशाळेत तपासलं, तर लोखंड, तांबं आणि सिलिकॉन यांचे आकडे नंतरच्या ऑइलपेक्षा बरेच जास्त येतात. (सिलिकॉन पाहून ‘धूळ आत आली’ म्हणत एअर फिल्टरला दोष देऊ नका, नव्या इंजिनात ते बहुतेक सीलंटचंच असतं.)

‘फिल्टर कशाला बसवलाय मग?’ हे अर्धंच उत्तर झालं. साधारण फिल्टर वीस-तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण चांगले अडवतो, त्याहून बारीक बरेचसे फिरत राहतात. चालत्या इंजिनात बेअरिंगमधला ऑइलचा थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा. फिल्टरमधून निसटलेले कण तिथे पोचतात. ऑइल बदलणं हा त्यांना बाहेर काढायचा सर्वात सोपा मार्ग.

आता दुसरी बाजू. दहा हजारांपर्यंत थांबलात म्हणून इंजिन खराब होणार नाही. आजचं मशिनिंग फार सुधारलंय, होनिंगचे टोकदार उंचवटे कारखान्यातच बरेचसे सपाट करून देतात. होंडा तर सांगते की कारखान्यातून भरून आलेलं ऑइल लवकर काढूच नका, ते ब्रेक-इनसाठी, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या काळासाठी, खास असतं. बनवणारा इतकं स्पष्ट सांगत असेल तिथे मी माझा हट्ट सोडतो. उलट बीएमडब्ल्यू आपल्या एम गाड्यांना (तिची जोरदार स्पोर्ट्स मॉडेल्स) २,००० किलोमीटरला वेगळी रनिंग-इन सर्व्हिस लावते आणि त्यात ऑइल बदलते. म्हणजे इंजिनीअरांचंही एकमत नाहीच! माझं गणित साधं आहे: गाडी चार-पाच वर्षांत विकायची असेल तर मॅन्युअल पुरे. पंधरा वर्षं वापरायची असेल, तर एका जादा ऑइल चेंजचा खर्च मला जड वाटत नाही.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांना तर मी हे जास्त आग्रहाने सांगेन. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होईल असे छोटे छोटे फेरे असतील, तर पेट्रोल रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा वापरात किलोमीटर कमी भरतात, पण ऑइल खराब व्हायचं थांबत नाही.

पन्नास-शंभर किलोमीटरला ऑइल काढणारेही भेटतात. नुकसान नाही, पण रिंगांचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. पुढचा चुरा नव्या ऑइलमध्येच येणार. ‘सिंथेटिक घातलं तर रिंगा बसत नाहीत’ हेही जुनं पालुपद. कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून येते, तिच्या रिंगा बसतातच की.

खरं तर तारखेपेक्षा चालवणं महत्त्वाचं. पहिले हजारेक किलोमीटर एकाच वेगात तासन्‌तास गाडी दामटू नका, थंड इंजिनाला पिळू नका. पण फार जपूनही चालवू नका. ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला भिंतीवर दाबतो, तो दाबच मिळाला नाही तर रिंग बसणार कशी? चढ-उतार, कमी-जास्त वेग, मध्यम जोर, असं मिसळून चालवा.

बदलताना मॅन्युअलमधलाच ग्रेड आणि स्पेसिफिकेशन. ०डब्ल्यू-२० (हा पातळ ऑइलचा ग्रेड) लिहिलं असेल तर ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणणाऱ्याला हात जोडा. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाका, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे ऑइल भरू नका, बिल जपून ठेवा. हा चेंज जादाचा आहे, वॉरंटीतली ठरलेली सर्व्हिस त्यामुळे टळत नाही.

काढलेल्या ऑइलमध्ये उजेडात बारीक चमक दिसली तर घाबरू नका, पहिल्या ऑइलला ती असतेच. मात्र बोटांना जाणवतील एवढे धातूचे तुकडे निघाले, तर फोटो काढा, थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत भरून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा, तोंडी नको.