पाट्या लावून पोट सुधारत नाही

२०२५ च्या जुलैत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमध्ये तेल-साखरेचे माहितीफलक लावायला सांगितलं आणि आमच्या सांगलीकर नातेवाइकांच्या ग्रुपवर समोसा-जिलेबीवरून रणकंदन माजलं. विक्रेत्यांनी इशारे लावायचे नाहीत, असा खुलासा सरकारने लगेच केला. पण तोवर काका 'आता भडंगावरही पाटी लावा' म्हणून तापले होते.

बर्मिंगहॅममध्ये बसून मी काकांच्याच बाजूचा, फक्त कारण वेगळं. खाणाऱ्याला उपदेश करून फारसं काही हलत नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून गोड शीतपेयांवर कर लावला, तो बनवणाऱ्यांवर. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर माफ. त्यावर सुरुवातीला लिटरमागे १८ पेन्स होते, ८ ग्रॅमपासून पुढे २४. कर टाळायला बऱ्याच कंपन्यांनी साखरच कमी केली. तब्येतीशी ज्याला देणंघेणं नाही, त्याच्याही पोटात कमी साखर गेली. (ऊसपट्ट्यात हे बोललो तर गावात घेणार नाहीत, ठाऊक आहे.)

म्हणून इथल्या ताटाचं कौतुक मात्र नको. ब्रिटिशांच्या उष्मांकांपैकी निम्म्याहून जास्त अतिप्रक्रिया केलेल्या, पाकीटबंद खाण्यातून येतात. त्यापुढे आटपाडी-जतकडची शाळूची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा कितीतरी उजवा: तंतू भरपूर, धान्य आणि कडधान्याची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढणारी, भूकही लवकर न लागणारी. आहारतज्ज्ञ पैसे घेऊन हेच सांगतात. पण रेशनवर गहू-तांदूळ फुकट आणि शाळू बाजारभावाने विकत, मग गरिबाच्या तव्यावर काय पडणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्य रुपया किलोने द्यायची तरतूद होती. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षही थाटात साजरं झालं. आत्याच्या पिशवीत मी बघितले ते गहू-तांदूळच.

अंड्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. भांडण पेटलं शाकाहार-मांसाहाराचं; वाढत्या वयाच्या पोराला प्रथिनं कुठून मिळणार, हा प्रश्न बाजूलाच पडला. जानेवारी २०२५ मध्ये निधी थांबला, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. इंग्लंडच्या सरकारी शाळांत सप्टेंबर २०१४ पासून पहिल्या तीन वर्गांतल्या प्रत्येक मुलाला जेवण फुकट आहे, आणि तळलेलं आठवड्यात दोनदाच, हा नियम स्वयंपाकघराला बांधलेला आहे. शाकाहारी मुलांचं वेगळं असतं; त्यावरून कुणी मोर्चा काढत नाही.

काकांना विचारलं, जतच्या शाळेत अंड्यांसाठी लोकवर्गणी कोण काढणार? म्हणाले, "गणपतीचीच काढताना नाकी नऊ येतात."