जेवणानंतरचे चार तास

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. एक वडापाव खाल्ला की चार तास रक्तवाहिन्या बंद पडतात, म्हणे. दोघातिघांनी मला टॅग करून विचारलंय, हे खरं आहे का? मी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट आहे. हातापायांच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं, आणि असे मेसेज अर्धवट उत्तरांवरच जगतात.

रक्तवाहिन्या बंद पडत नाहीत. पण मेसेजचं मूळ खोटं नाही. 1997 साली अमेरिकेत बाल्टिमोरला रॉबर्ट व्होगेल आणि सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. एकदा त्यांना फास्ट फूडचा नाश्ता दिला : अंडं आणि सॉसेज घातलेले पाव, तळलेल्या बटाट्याच्या टिक्क्या. 900 कॅलरी, 50 ग्रॅम चरबी. दुसऱ्या वेळी तेवढ्याच कॅलरी, पण चरबी शून्य. दोन्ही वेळा दंडातली धमनी सोनोग्राफीवर मोजली. तेलकट नाश्त्याआधी ती गरज पडल्यावर साधारण 21 टक्के रुंदावत होती. नाश्त्यानंतर दोन, तीन आणि चार तासांनी मोजलं तर 10-11 टक्केच. बिनचरबीच्या नाश्त्यानंतर अशी घट दिसली नाही.

50 ग्रॅम चरबी म्हणजे तेलाचे साडेतीन मोठे टेबलस्पून. एका वडापावात साधारणपणे एवढी नसते. पण दोन वडे, सोबत भज्यांची प्लेट, रविवारी मिसळीवर दोनदा मागून घेतलेली तर्री असं जोडत गेलात तर तिथे पोहोचायला वेळ लागत नाही.

आता हे मोजतात कसं ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या आतून पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. रक्ताचा वेग वाढला की त्याचं घर्षण या थराला कळतं, तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि भिंतीतले स्नायू सैल पडतात. 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिलं की काही औषधांनी धमनी सैल पडायची असेल तर हा आतला थर शाबूत असावा लागतो. त्या धाग्यावरून पुढे नायट्रिक ऑक्साइडपर्यंत संशोधन पोहोचलं, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. मधल्या काळात, 1992 मध्ये, डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी हेच काम सुई न टोचता, सोनोग्राफीने मोजायची पद्धत मांडली.

माणसाला उताणं झोपवायचं. कोपराच्या वर दंडातली धमनी सोनोग्राफीवर पकडायची. हातावर बीपीचा पट्टा बांधून, वरच्या बीपीपेक्षा बराच जास्त दाब देऊन पाच मिनिटं रक्त अडवून ठेवायचं. हाताला मुंग्या येतात. मग पट्टा एकदम सोडायचा. रक्त जोरात धावतं, आतला थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि साधारण मिनिटभरात धमनी सर्वांत जास्त रुंद होते. आधीची रुंदी आणि ही रुंदी यांतला फरक टक्क्यांत काढायचा. संपलं.

ऐकायला सोपं आहे. पण ही धमनी असते जेमतेम चार मिलिमीटरची. तिच्यात पाच टक्के वाढ म्हणजे 0.2 मिलिमीटर! प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, केसभर तिरका झाला किंवा पेशंटने हात जरा हलवला तरी एवढा फरक सहज पडतो. म्हणून नीट प्रयोग करणारे प्रोब स्टँडमध्ये अडकवतात, ईसीजी लावून हृदयाच्या ठोक्यातल्या एकाच क्षणाची चित्रं मोजतात, खोलीचं तापमान सारखं ठेवतात, चहा, कॉफी, तंबाखू बंद ठेवायला सांगतात. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या चक्राचाही हिशेब धरावा लागतो. पट्टा कोपराच्या वर बांधला की खाली यावरही आकडा बदलतो. आज बहुतेक जण तो खाली बांधतात, आणि मग निरोगी माणसातही आकडा सहसा एक अंकीच येतो. म्हणजे तो 21 चा आकडा उचलून आपल्या रिपोर्टशेजारी ठेवता येत नाही. शिवाय जेवणानंतर धमनीची मूळची रुंदीच थोडी बदलू शकते, आणि मग टक्केवारी आपोआप हलते. काही प्रयोगांत तेलकट जेवणानंतर घट दिसली नाही, ती यामुळेही असेल.

हे इतकं सांगतेय कारण आता ‘रक्तवाहिनीचं वय’ सांगणाऱ्या तपासण्या आरोग्य शिबिरांच्या पॅकेजमध्ये दिसायला लागल्या आहेत. संशोधनासाठी हे मापन फार मोलाचं आहे. एकाच प्रयोगशाळेत, त्याच हातांनी, त्याच माणसाचं जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजलं तर त्यातून खूप शिकायला मिळतं. पण कसलाही त्रास नसलेल्या माणसाला एकदाच मोजून तुझं हृदय असं आहे हे सांगायला ते चालत नाही. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा लोकांचा धोका ठरवण्यासाठी ही तपासणी करू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यावर पैसे घालवू नका, हे मी रेडिओलॉजिस्ट म्हणूनच सांगते.

दुसरी चूक त्याहून मोठी. चार तासांची घट म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. त्याच व्होगेल गटाने तेलकट जेवणाआधी क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले, तर ती घट टळली. मग गोळ्या घ्या आणि वडे खा? नाही. 2000 साली ‘होप’ या मोठ्या अभ्यासात ई जीवनसत्त्व वर्षानुवर्षं देऊनही हृदयविकार कमी झाला नाही. एका दुपारपुरती घट टाळणं आणि वीस वर्षांनी येणारा झटका टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच गटाला 2000 मध्ये ऑलिव्ह तेल आणि पावाच्या जेवणानंतरही घट दिसली होती. आणि तेच तेल भरपूर वापरणारा भूमध्यसागरी आहार हृदयाला चांगला मानला जातो. तेव्हा एका जेवणानंतरच्या आकड्यावरून एखादा पदार्थ विष की अमृत हे ठरवता येत नाही.

मग मी या मापनाला एवढं महत्त्व का देते? कारण त्याने आपलं लक्ष जेवणानंतरच्या तासांकडे वळवलं. जेवणातली चरबी रक्तात उतरते, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) तीन-चार तासांनी सर्वांत वर जातात आणि खाली यायला सहा ते आठ तास घेतात. आता ठाण्यातल्या नोकरदाराचा दिवस बघा. सकाळी आठला नाश्ता, एकला डबा, पाचला स्टेशनबाहेर काहीतरी तळलेलं, लोकलमधून लोंबकळत घरी येऊन दहाला जेवण. एक लाट ओसरायच्या आत दुसरी. आणि आपण रक्त देतो सकाळी सातला, उपाशीपोटी. ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत हे म्हणजे पहाटे तीनला घोडबंदर रोडवर उभं राहून ट्रॅफिक मोजण्यासारखं आहे. अमेरिकन संशोधक झिल्व्हरस्मिट यांनी 1979 मध्येच मांडलं होतं की धमन्यांत चरबी साचण्याचा प्रश्न जेवणानंतरच्या रक्ताचाही आहे. 2016 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या लिपिड (रक्तातल्या चरबीच्या) तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही असं सांगितलं, आणि उपाशी नसताना दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड 175 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आले तर ते वाढलेले धरावेत अशी रेषाही दिली. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जेवणाने फारसं हलत नाही, साखरेच्या तपासणीचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे उपाशीपोटीची तपासणी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पण उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड काठावर येत असतील, पोट सुटलेलं असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर जेवणानंतरची तपासणीही करायची का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

शेजारच्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, “मग वडा सोडू का, डॉक्टर?” मी म्हटलं, “काका, वडा सोडू नका. रोजचा करू नका, आणि खाल्ल्यावर सोफ्यावर बसू नका.” 2006 मधल्या एका छोट्या प्रयोगात तेलकट जेवणानंतर दोन तासांनी लोकांना पाऊण तास चालवलं, तर धमनीचं रुंदावणं वाढलेलं दिसलं. प्रयोग छोटा आहे, पण चालण्याच्या बाजूने पुरावे एवढ्यावर थांबत नाहीत. ठाण्याच्या तलावपाळीला रात्री फेऱ्या मारणारी माणसं मला म्हणूनच आवडतात.

आणि तेल. यावर माझा जीव तुटतो. न्यूझीलंडमध्ये 1999 साली एक प्रयोग झाला. एका जेवणात ताजं तेल-चरबी, दुसऱ्यात फास्ट फूडच्या दुकानात तळून तळून वापरलेली. ताज्याने धमनीचं रुंदावणं फारसं बदललं नाही. वापरलेल्याने ते सुमारे 6 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्याही खाली आलं. हाही मोजक्या पुरुषांवरचा प्रयोग, पण सतत तापलेल्या तेलात काय तयार होतं हे रसायनशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे : 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून बिघडल्यावर तयार होणारी द्रव्यं) 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचं नाही. पण तेलाच्या नोंदी ठेवायचं बंधन आहे ते दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांना. कोपऱ्यावरची गाडी त्यात येतच नाही. गाडीवाल्याला दोष देऊन काय होणार? तेल ओतून देणं त्याला परवडत नाही. तेलात बुडवल्यावर आकडा दाखवणारी हातातली मीटर मिळतात. महापालिका आणि एफडीएने ती घेऊन गाड्यांवर जावं, दंड करायला नव्हे तर दाखवायला, आणि उरलेल्या तेलाला भाव मिळवून द्यावा. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी घेतलं जातं, एफएसएसएआयची ‘रुको’ योजना त्यासाठीच आहे.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करूया. गणपतीत आमच्याकडे रोज संध्याकाळी बटाटेवडे, भजी, साबुदाणा वडे असतात, आणि मुलं ते पोटभर खातात. यंदा केटररच्या करारात एक अट घाला असं मी कमिटीला लेखी दिलंय : कढईतलं तेल दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, उरलेलं बायोडिझेलवाल्यांना द्यायचं, आणि वाढीव खर्च वर्गणीतून करायचा. तुमच्या सोसायटीतही हा विषय काढा. अटीचा मसुदा हवा असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवते.