जंबो रॉक्स कॅम्पग्राउंडला पाणी नाही, हे आधी लिहा!
कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात एका जोडप्याने काढलेल्या दोन रात्रींवरचा लेख वाचून आमची मार्चमधली फेरी आठवली. लेखातल्या जोडप्याने जंबो रॉक्सला तंबू ठोकला, पण तिथे नळच नाही हे सांगायचं राहून गेलं. कॅम्पग्राउंडांपैकी पाणी फक्त ब्लॅक रॉक आणि कॉटनवूडला. माणशी रोजचं किमान 4 लिटर गाडीत हवंच. आम्ही चहापायी दुसऱ्याच दिवशी कॅन संपवला, मग भांडण (चूक माझीच, पण नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही).

चोया निवडुंग बघायला जाताना खिशात कंगवा ठेवा. नुसतं घासलं तरी काटेरी बोंड पोटरीला चिकटतं, हाताने ओढलं तर बोटांत घुसतं. कंगव्याने झटकन उडवता येतं. आणि रात्रीचा वारा! तंबूच्या चारी कोपऱ्यांत सामानाच्या बॅगा ठेवून झोपलो, तरी कापड फडफडतच होतं.