‘नुसते ग्राफिक्स बदला की झाला रिमेक’, म्हणे!

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातला एक माझा आतेभाऊ, ज्याने आयजीआय सोडून आयुष्यात दुसरा गेम पूर्ण केलेला नाही. मजकुरात म्हटलंय काय, तर गोल्डनआय (जेम्स बॉण्डवाला), परफेक्ट डार्क, आयजीआय असले जुने हेरगिरीवाले शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम, आज परत बनवणं म्हणजे हातचा मळ आहे. कोड तयार, लेव्हल तयार, वरून नवे ग्राफिक्स चढवायचे की झालं, पण कंपन्या आळशी. गोल्डनआयचा रिमेक तर कोणी कधी केलाच नाही, २०२३ ला दिला तो जुनाच माल गळ्यात मारला. फॅन लोक हेच फुकटात करून दाखवतात. आणि शेवटी फोडणी अशी की तसेही हे गेम आज खेळवत नाहीत, सगळी नुसती लहानपणीची आठवण आहे. आता पहिल्या ओळीत रिमेक करा म्हणायचं आणि शेवटच्या ओळीत खेळायच्या लायकीचा नाही म्हणायचं, एकदा ठरवा ना राव.

सोप्यापासून सुरू करतो. ‘गोल्डनआयचा रिमेक झालाच नाही’ हे सरळ चूक. २०१० मध्ये ‘गोल्डनआय ००७’ याच नावाने निन्टेन्डोच्या ‘वी’ या मशीनवर आला, युरोकॉमने बनवला, अ‍ॅक्टिव्हिजनने काढला, आणि पुढच्या वर्षी ‘रीलोडेड’ नावाने पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वरही आला. बॉण्ड म्हणून ब्रॉस्ननच्या जागी डॅनियल क्रेग, गोष्ट आजच्या काळात आणलेली, आणि ती आणली कोणी तर ब्रूस फिअरस्टीनने, जो १९९५ च्या मूळ सिनेमाच्या लेखकांपैकीच एक. लेव्हल नव्याने बांधलेल्या, गोळ्या खाल्ल्या की आडोशाला जाऊन थांबायचं, तब्येत आपोआप भरून येते, त्या काळातल्या सगळ्याच शूटरसारखं. ज्यांना जुनं पाहिजे त्यांच्यासाठी चिलखत उचलत फिरायचा क्लासिक मोडसुद्धा ठेवला होता. म्हणजे पायापासून परत बांधलेला खराखुरा रिमेक. मग लोक काय म्हणाले? हा आमचा गोल्डनआय नाही. माझं मत विचाराल तर गेम चांगला होता, पण नाव दुसरं असतं तर जास्त सुखात जगला असता.

आता ‘कोड तयार आहे, ग्राफिक्स चढवा’. गंमत अशी की हे अगदी अस्संच एकदा करून झालंय! मूळ गेम बनवला रेअर कंपनीने, १९९७ मध्ये, निन्टेन्डो ६४ साठी. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर विकत घेतली. मग काही वर्षांनी रेअरमध्येच एक्सबॉक्स ३६० साठी गोल्डनआयची नवी आवृत्ती तयार झाली, नवे चेहरे, नवी टेक्सचर्स (भिंती-कपड्यांवरचं चित्रकाम), एक बटण दाबलं की जुने ग्राफिक्स, परत दाबलं की नवे. काम जवळपास पूर्ण झालेलं. आणि तरी ती विकायला कधी आली नाही, २०२१ च्या जानेवारीत लीक झाली तेव्हा लोकांनी डोळ्यांनी बघितली. का अडली? कारण गेम बनवणारी रेअर मायक्रोसॉफ्टकडे, मूळ गेम काढला निन्टेन्डोने, आणि बॉण्ड हे पात्र सिनेमावाल्यांचं. आपल्याकडे कसं, सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असली की घर बांधायला गवंडी मिळतो, विटा मिळतात, सही मिळत नाही. तसलं आहे हे. तिथे आळस वगैरे काही नव्हता हो, बिचाऱ्यांनी काम करून ठेवलं होतं.

याहून वाईट केस म्हणजे ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’, मोनोलिथचा २००० सालचा गेम, साठच्या दशकातली केट आर्चर नावाची हेर, आणि पहारेकऱ्यांच्या गप्पा इतक्या भारी की गोळी घालायच्या आधी माणूस कोपऱ्यात उभा राहून ऐकत बसतो. जुने गेम परत चालू करून द्यायचं काम करणाऱ्या नाइटडाइव्ह स्टुडिओने याच्यासाठी प्रयत्न केले, पण हक्क वॉर्नर, अ‍ॅक्टिव्हिजन आणि फॉक्स या तिघांमध्ये असे गुंतलेले की कागद नेमके कोणाच्या कपाटात आहेत तेच ठरेना. इथे तर सातबाराच सापडत नाहीये, भावांची भांडणं पुढची गोष्ट. आणि २०२५ मध्ये मोनोलिथ स्टुडिओच बंद केला. या गेमवर चांगला कोड लिहिणारे हजार लोक आजही तुटून पडतील, अडचण ती नाहीच आहे.

बरं, हक्काचं सगळं जमलं असं धरू. तरी नुसत्या ग्राफिक्सने भागतं का? ‘थर्टीन’ बघा, रोमन आकड्यांत लिहितात तो. बेल्जियन कॉमिकवरून बनवलेला यूबीसॉफ्टचा २००३ चा शूटर, स्मृती गेलेला नायक, अध्यक्षांच्या खुनाचा आरोप. त्याची सगळी जान चित्रात होती, जाड काळ्या रेषा, डोक्यात नेम बसला की स्क्रीनवर कॉमिकचे चौकोन टपटप उघडायचे, भिंतीपलीकडच्या माणसाच्या पावलांचा आवाज अक्षरांत उमटायचा. २०२० ला मायक्रोइड्सने रिमेक काढला आणि त्यात नेमकं हेच पुसलं गेलं, सगळं गुळगुळीत, खेळण्यातल्या प्लॅस्टिकसारखं, वर बगची खैरात. इतकी बोंब झाली की कंपनीला माफी मागावी लागली आणि दुसऱ्या स्टुडिओकडून दुरुस्त करून घेऊन २०२२ मध्ये परत अपडेट द्यावं लागलं. ग्राफिक्स ‘नवे’ होते की! नवे म्हणजे चांगले असं कोणी सांगितलं.

याच्या उलट परफेक्ट डार्क. २००० सालचा मूळ गेम निन्टेन्डो ६४ ला झेपतच नव्हता, मेमरी वाढवणारं एक्स्पान्शन पॅक लावल्याशिवाय त्यातला बराचसा गेम उघडायचाही नाही, आणि चार जण खेळायला बसले की स्लाइड शो. २०१० मध्ये फोरजे स्टुडिओजने एक्सबॉक्स ३६० वर आणला तेव्हा त्यांनी टेक्सचर सुधारली, फ्रेम रेट सेकंदाला ६० चित्रांवर नेला, ऑनलाइन खेळायची सोय जोडली, आणि मूळ गेमच्या रचनेला हात लावला नाही. हा माझ्या मते या सगळ्या कुटुंबातला सगळ्यात शहाणा मुलगा. म्हणजे तुमचा ‘वरून रंग मारा’ फॉर्म्युला इथे चालला, मान्य, पण चालला कारण रंगाऱ्याला भिंत कुठली पाडायची नाही ते कळत होतं.

२०२३ च्या गोल्डनआयबद्दल अर्धा राग मला पण आहे. २७ जानेवारीला एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या. निन्टेन्डोच्या स्विचवर आली त्यात ऑनलाइन खेळता येतं, पण कंट्रोल असे की लोक कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणं उलटीपालटी करत बसले. एक्सबॉक्सवर आली त्यात ४के, दोन्ही स्टिकने नीट नेम, पण ऑनलाइन नाही. एकात मीठ, एकात तिखट, ताट एकच नाही. पण हा रिमेक नाहीच ना. जुना गेम आजच्या मशीनवर चालता केलाय, आणि पंचवीस वर्षं अडकलेला गेम कायदेशीरपणे खेळायला मिळाला हेही कमी नाही. आठवत असेल तर २०१५ च्या ‘रेअर रिप्ले’ मध्ये रेअरचे ३० गेम होते आणि त्यात गोल्डनआय नव्हता.

फॅन लोकांबद्दल मला आदरच आहे. ‘गोल्डनआय सोर्स’ हा हाफ-लाइफ २ वरचा मोड, म्हणजे दुसऱ्याच्या गेमवर चाहत्यांनी बांधलेला गेम, वर्षानुवर्षं फुकट चालू आहे, पण तो फक्त मल्टिप्लेयर. दुसऱ्या एका टीमने पूर्ण सिंगल प्लेयर अनरियल इंजिनमध्ये (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) करायला घेतला, गेमला २५ वर्षं होतील त्या २०२२ चा मुहूर्त धरून, आणि २०२० मध्ये बॉण्डच्या मालकांकडून थांबा आला, त्यांना नाव-गाव बदलून वेगळाच गेम करायला जावं लागलं. म्हणजे परत तोच सातबारा. आणि कंपन्या आळशी म्हणता तर नव्या परफेक्ट डार्ककडे बघा, २०२० च्या डिसेंबरमध्ये घोषणा, काम ‘द इनिशिएटिव्ह’ नावाच्या स्टुडिओकडे, २०२१ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स मदतीला, २०२४ ला ट्रेलर, आणि २०२५ च्या जुलैमध्ये गेम रद्द, स्टुडिओ बंद. कारभार वाईट म्हणा, पैसा उधळला म्हणा, पण इतकी वर्षं दोन-दोन स्टुडिओ राबवण्याला आळस म्हणत नाहीत.

राहिला ‘नुसती आठवण आहे’ हा मुद्दा, ज्याच्यावर माझी खरी चीड आहे. भारतात निन्टेन्डो ६४ कितीशा घरांत होता? मी स्वतः गोल्डनआय मोठेपणी, लहानपणीची कुठलीही आठवण नसताना खेळलो, आणि तरी डॅमच्या पहिल्या लेव्हलवर अडकून पडलो. सोप्या ‘एजंट’ पातळीवर धरणावरून दोर बांधून उडी मारली की संपलं. ‘सीक्रेट एजंट’ घेतलं की सगळे अलार्म फोडायचे. ‘डबल ओ एजंट’ घेतलं की मोडेम लावा, डेटा पळवा, मग उडी. लेव्हल तीच, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जागा कामाच्या होतात. आजचे कित्येक गेम अवघड म्हणजे शत्रूची तब्येत दुप्पट इतकंच करतात. गोल्डनआय गेमचा दिग्दर्शक मार्टिन हॉलिसने सांगितलंय की एकेका लेव्हलमध्ये अनेक कामं द्यायची कल्पना मारिओ ६४ वरून आली. आणि बऱ्याच जागा आधी इमारत म्हणून बांधल्या, शत्रू आणि कामं नंतर बसवली, म्हणून तिथे उगाच खोल्या आहेत, ज्यांचं काही काम नाही, आणि त्यामुळेच ती खरी जागा वाटते. सायलेन्सर नसलेली बंदूक वाजवली की आजूबाजूचे धावत येतात, पायाला गोळी लागली की माणूस पाय धरतो. चेहरे ठोकळ्यासारखे आहेत हो, असू देत. (मल्टिप्लेयरमध्ये बुटका ऑडजॉब निवडणाऱ्याशी मात्र मैत्री ठेवू नका.)

आपली आठवण म्हणाल तर ती आयजीआयची, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून. नॉर्वेच्या इनरलूपने २००० मध्ये बनवलेला, इंजिन त्यांच्याच लढाऊ विमानाच्या गेममधलं, म्हणून तर मैदानं एवढी मोठी. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही, म्हणजे मेलात की मिशन पहिल्यापासून. कॅमेऱ्यात दिसलात की अलार्म, अलार्म झाला की बराकीतून माणसं येतच राहतात. याच्या आधीची गोष्ट सांगणारा ‘ओरिजिन्स’ नावाचा नवा गेम २०१९ मध्ये जाहीर झाला, पुढे तोही गेला, स्टुडिओसकट. आता सांगा, रिमेकमध्ये सेव्ह द्यायचा की नाही? दिला तर ती दुर्बिणीतून पाच मिनिटं टेहळणी करायची गरजच संपते, नाही दिला तर आजची पोरं दहा मिनिटांत रिफंड मागतील. हे कुठल्या ग्राफिक्सने सुटणार आहे?

आतेभावाला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘सेव्ह देऊ दे की दादा, काय बिघडलं.’ पाच मिनिटांनी परत त्याचाच फोन, ‘नको, नको देऊ दे.’