याकोबुस कापिटाइनला नुसतं 'गद्दार' म्हणून मोकळे होऊ नका

अठराव्या शतकातला आफ्रिकन ख्रिस्ती पाळक कापिटाइन याचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात: स्वतः गुलाम होता आणि गुलामगिरीचंच समर्थन केलं. खोटं नाही ते. पण तेवढ्यावर अख्खा माणूस निकालात काढणं मला पटत नाही.

जन्म १७१७ च्या सुमाराचा, आजच्या घानाच्या किनाऱ्यावरचा. सात-आठ वर्षांच्या या अनाथ पोराला एका डच कप्तानाने विकत घेतलं आणि ओळखीच्या व्यापाऱ्याला भेट म्हणून देऊन टाकलं. त्या व्यापाऱ्याने १७२८ मध्ये त्याला हॉलंडला नेलं. पोरगं हुशार, शिकत शिकत थेट लायडन विद्यापीठात पोचलं. मार्च १७४२ मध्ये त्याने लॅटिनमध्ये प्रबंध मांडला: ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचं असतं, देहाच्या गुलामीचा त्याला अडसर नाही.

चूक, आणि भयंकर चूक. पण संदर्भ बघा. बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती केलं की गुलाम हातचा जाईल, ही मालकांची भीती होती. ती घालवली तर गुलामांपर्यंत धर्म पोचेल, असा त्याचा हिशेब. मालकांना मात्र हवं ते आयतं मिळालं, तेही एका आफ्रिकन माणसाच्या तोंडून! डच भाषांतराच्या लागोपाठ आवृत्त्या निघाल्या. त्याचं चित्र छापलं, त्याखाली कविता: कातडी काळी, पण आत्मा पांढरा. हे कौतुक वाचून माझं डोकं फिरतं.

त्याच वर्षी तो पाळक म्हणून घानाच्या किनाऱ्यावरच्या एल्मिनाच्या डच किल्ल्यात रुजू झाला. तिथे समुद्रापार पाठवायचे गुलाम कोठड्यांत डांबलेले असायचे. त्याने मुलांसाठी शाळा काढली. प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तिथल्या लोकांच्या फांटी भाषेत आणल्या. ती पुस्तिका १७४४ मध्ये लायडनला छापली गेली. एल्मिनातल्याच एका मुलीशी लग्न करायचं म्हणाला, तर अॅमस्टरडॅमच्या चर्चमंडळाने मोडता घातला, कारण तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. शेवटी हॉलंडहून आलेल्या अंतोनियाशी लग्न झालं. १ फेब्रुवारी १७४७ ला तो गेला, जेमतेम तिशीत, डोक्यावर कर्ज ठेवून.

ज्यांनी त्याचा प्रबंध डोक्यावर घेतला, त्यांच्या देशाच्या वसाहतींत गुलामगिरी १८६३ पर्यंत चालली. जाब आधी त्यांना विचारा. आणि कापिटाइनवर लिहिताना प्रबंधाचा उल्लेख जरूर करा, पण त्या फांटी पुस्तिकेचाही करा. तीही त्यानेच लिहिली आहे.