सोळा वर्षांवरील आरोपी आपोआप ‘प्रौढ’ ठरतो का?

‘सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने गंभीर गुन्हा केला की २०१५च्या कायद्यानुसार त्याचा खटला थेट प्रौढांसारखा चालतो, पुण्यातील कल्याणीनगर अपघातात मात्र हा नियम मोडला गेला’, अशा आशयाचा संदेश सध्या फिरत आहे. (या अपघातात अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोघांचा बळी घेतला होता.) तो चुकीचा आहे.

२०१५च्या या कायद्यात, म्हणजे बाल न्याय अधिनियमात, ‘गंभीर’ आणि ‘निर्घृण’ असे दोन वेगळे वर्ग असून, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे (उदाहरणार्थ खून किंवा बलात्कार) तोच निर्घृण ठरतो. अशा गुन्ह्यातही बाल न्याय मंडळाला मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करावे लागते, व त्यानंतरच प्रकरण बालन्यायालयाकडे (मुलांच्या प्रकरणांसाठीच्या सत्र न्यायालयाकडे) जाऊ शकते. तेथेही प्रौढ म्हणून खटला चालवण्याची गरज आहे का, हे पुन्हा तपासले जाते. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

मे २०२४च्या कल्याणीनगर प्रकरणात सदोष मनुष्यवधाचे कलम होते. त्यात कमाल शिक्षा मोठी असली तरी सात वर्षांची किमान शिक्षा नाही. आणि असे गुन्हे निर्घृण नव्हे तर गंभीर मानावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्येच सांगितले होते. जुलै २०२५मध्ये मंडळाने त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज फेटाळला. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर त्याला मिळालेल्या जामिनाबद्दलचा संताप समजण्यासारखाच होता, परंतु तो मुद्दा वेगळा आहे. किमान शिक्षेची ही मर्यादा कोणाला अपुरी वाटत असेल, तर ती बदलणे संसदेच्या हाती आहे, मंडळाच्या नव्हे.